घन कापून षटकोन मिळेल का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. घन कसाही कापला तरी छेद चौकोनीच येणार, असे ती ठामपणे म्हणते. पुस्तकातील आकृत्यांनी तिचे समाधान होत नाही. घरच्या साहित्यातून तिला हे कसे दाखवावे? – एक पालक, सातारा

उत्तर : आकृती पाहून समाधान न होणे हे चांगलेच लक्षण आहे. शाडूची माती घट्ट मळून साधारण 6 सेंमी कडेचा घन करावा आणि ताणून धरलेल्या बारीक दोऱ्याने तो कापावा. बटाट्याचा घनही चालतो. परंतु त्यात सुरी मध्येच वळते आणि छेद सपाट येत नाही. कापण्याआधी दोरा कोणकोणत्या पृष्ठांवरून जाईल त्या रेषा पेन्सिलीने घनावर आखाव्यात आणि मिळणारा आकार मुलीला वहीत काढायला सांगावा. हा टप्पा गाळला, तर उपक्रमाची नुसती करमणूक होते.

रेषा आखतानाच तिच्या लक्षात येईल की, दोरा ज्या पृष्ठातून आरपार जातो, त्या प्रत्येक पृष्ठावर छेदाची एकच बाजू उमटते. कोपरा कापला की तीन पृष्ठे छेदली जातात, म्हणून त्रिकोण मिळतो. तळाच्या एका कोपऱ्याला मिळणाऱ्या, तळावरच्या दोन कडांचे मध्यबिंदू आणि त्या कोपऱ्याच्या थेट समोरचा, वरच्या पृष्ठावरील शिरोबिंदू यांतून छेद घेतला, तर पंचकोन मिळतो. घनाला पृष्ठेच सहा असल्यामुळे सप्तकोन मात्र कधीच मिळणार नाही, आणि हे तिने स्वतः सांगितले तर अधिक चांगले.

सुसम षटकोनासाठी सहा कडांच्या मध्यबिंदूंतून एकाच सपाटीत दोरा न्यावा लागतो. मातीत ते नेमके साधणे कठीण असल्याने तेथे पाण्याची मदत घ्यावी. आतून 10 सेंमी कडेची, घट्ट झाकणाची पारदर्शक घनाकृती पेटी घेऊन तिच्यात 500 मिलि रंगीत पाणी भरावे आणि एक कोपरा खाली करून ती रुंद पेल्याच्या तोंडावर अशी ठेवावी की, त्या कोपऱ्यातील तिन्ही कडा पेल्याच्या काठावर सारख्याच टेकतील. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी क्षितिजसमांतर राहत असल्यामुळे तोच येथे छेदाचे काम करतो आणि सुसम षटकोन दिसतो.

पाणी कमी-अधिक करून पाहिल्यास खरी गंमत कळते. पेटीच्या एक षष्ठांशापर्यंत, म्हणजे सुमारे 167 मिलिपर्यंत, समभुज त्रिकोण मोठा होत जातो. त्यानंतर त्याचे कोपरे कापले जाऊन षटकोन होतो. आणि सुमारे 833 मिलिनंतर पुन्हा त्रिकोण दिसू लागतो, पण उलट्या दिशेला टोके असलेला.