औषधामुळे फिट आली होती, आता लायसन रिन्यू करताना काय लिहायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना डिप्रेशनची गोळी आधीपासून होती, त्यात कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल सुरू झालं आणि दोनदा फिट आली. ट्रामाडॉल बंद केल्यावर पुन्हा आली नाही. आता लायसनची मुदत संपतेय आणि एजंट म्हणतो, "फॉर्मवर 'नाही' टिक करा अन् मोकळे व्हा."

एजंटचं ऐकू नका. फॉर्म १ म्हणजे तब्येतीबद्दल आपणच भरून द्यायचा फॉर्म; त्यातला प्रश्न फक्त मिरगीचा नाही. कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे का, असं तिथे विचारलंय. आज तुमच्यासाठी खरं उत्तर 'नाही' असूही शकेल, पण ते न्यूरॉलॉजिस्टने (मेंदूच्या डॉक्टरने) सांगायचं. चुकीची माहिती देऊन मिळवलेलं लायसन नंतर जाऊ शकतं. उद्या नागपुरात वर्धा रोडवर काही झालं तर एजंट फोनही उचलणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता मुख्य काम. माझंही प्रकरण ट्रामाडॉलचंच होतं, आणि अडलं ते डिस्चार्ज कार्डावर. निदानाच्या रकान्यात घाईघाईने 'सीझर डिसऑर्डर' (फिटचा आजार) लिहिलं होतं, ट्रामाडॉलचा उल्लेख औषधांच्या यादीत कुठेतरी खाली. असं कार्ड वाचणारा मिरगीच समजणार. डॉक्टरी व्याख्येत मिरगी म्हणजे साधारणपणे कारणाशिवाय आलेल्या, २४ तासांहून जास्त अंतराच्या किमान दोन फिट. औषधाने आलेली फिट त्यात धरत नाहीत. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडून लेटरहेडवर स्वतंत्र पत्र घ्या: फिटच्या तारखा, कोणतं औषध आणि किती डोस, ते कधी थांबवलं, ईईजी-एमआरआय या मेंदूच्या तपासण्यांमध्ये काय निघालं, फिटची गोळी चालू आहे की नाही, आणि शेवटी गाडी चालवायला हरकत आहे की नाही हे स्पष्ट वाक्यात. 'पेशंट स्टेबल' एवढ्यावर समाधान मानू नका. डिप्रेशनच्या गोळीचंही विचारा, कारण काही गोळ्यांनी फिटचा धोका थोडा वाढतो. पण मनाने बंद करू नका जी, ते भलतंच महागात पडतं.

वय ४० च्या वर असेल किंवा टॅक्सी-ट्रकचं लायसन असेल तर फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आरटीओबाहेर दोन मिनिटांत सही करणारे भेटतात. तुम्ही मात्र हे पत्र दाखवूनच सही घ्या.

नेटवर वाचलेले 'फिटनंतर सहा महिने, बारा महिने गाडी नको' हे इतर देशांचे नियम. ब्रिटनमध्ये मिरगीच्या पेशंटला कारसाठी १२ महिने फिटशिवाय काढावे लागतात. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशी मुदतच नाही, त्यामुळे किती थांबायचं ते डॉक्टरच ठरवणार. त्यांनी 'अजून नको' म्हटलं तर स्कूटीसुद्धा नको, गल्लीतल्या गल्लीतही नको. मिस्टर हिंगण्याला जातात ना? मनीषनगरहून मेट्रोने सीताबर्डी, तिथे लाइन बदलून लोकमान्य नगर, पुढे कंपनीतल्या कुणासोबत.

सगळे कागद असूनही आरटीओने नाकारलं तर तोंडी ऐकून परत येऊ नका. नकार कारणांसह लेखी द्यावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. पत्राच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा, मूळ प्रत काउंटरवर देऊ नका.