पावसाळ्यातली बंदी म्हणजे नोकरीतला खंड नव्हे

ताई, तुमचं पत्र वाचलं. रत्नागिरीच्या एमआयडीसीत नऊ वर्षं कोळंबी सोलून मे २०२५ अखेर तुम्ही काम सोडलंत. ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं सलग सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, मागितली तर मालक म्हणतो, "दर पावसाळ्यात कारखाना बंद, तुमची पाच वर्षं सलग भरलीच कुठे?" कोळंबी सोलणाऱ्या, म्हाकूळ साफ करणाऱ्या कितीतरी बायकांना हेच उत्तर देऊन परत पाठवलं जातं.

सगळं ठरतं ते ग्रॅच्युइटी कायदा १९७२च्या कलम २अवर. कामगाराचा दोष नसताना काम थांबलं, तर सेवेत खंड पडत नाही. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी सरकार घालतं, तुम्ही नाही. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं तरी ते वर्ष सलग धरतात. बंदीचे ६१ दिवस आणि उरलेले रविवार वजा केले तरी २६० दिवस राहतात.

मग मालक म्हणेल, कारखानाच हंगामी आहे. तसं ठरलं तर वर्षाला १५ दिवसांऐवजी हंगामाला ७ दिवसांचीच मजुरी मिळेल. किलोवर मजुरी असेल तर शेवटच्या तीन महिन्यांची रोजची सरासरी धरतात, ओव्हरटाइम सोडून. ती ४५० रुपये निघाली तर नऊ वर्षांचे ६०,७५० होतात. हंगामी धरल्यास २८,३५०. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिता की जुलैतही काही जणींना बोलावून गोठवलेल्या मालाचं पॅकिंग चालायचं! अहो, कारखाना हंगामी नाही हे दाखवणारी ही गोष्ट अर्जात सगळ्यात आधी यायला हवी. त्या बायकांपैकी दोघी तरी साक्षीला तयार करा. स्वतःच्या कामाला मात्र अर्जात कुठेही हंगामी म्हणू नका.

किलोची नोंद असलेली कार्डं तुम्ही दर दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिलीत, वर कोऱ्या व्हाउचरवर सही केलीत. याचा मला खरंच राग येतो, कारण आता मजुरी सिद्ध करताना तुमचीच दमछाक होणार आहे. सहीमुळे हक्क जात नाही, कारण याच कायद्याचं कलम १४ मालकाच्या आड येतं. पण दिवस दाखवायला कागद लागतो. प्रॉव्हिडंट फंडाचं पासबुक आजच काढा; कोणत्या महिन्यात वर्गणी भरली ते त्यात दिसतं.

मालकाकडे 'आय' नमुन्यातला अर्ज ३० दिवसांत द्यायचा होता. तेवढ्यावरून दावा मरत नाही, तरी तो आता लगेच द्या, पोच घ्या. पुढे नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, 'एन' नमुन्यात जाताना ९० दिवसांची मुदत उलटल्याचं कारण तारखांसह लिहा. "दिवाळीनंतर बघू" असे मुकादमाचे मेसेज असतील तर ते पुसू नका. प्राधिकाऱ्याकडे तारखांवर तारखा पडतात. निदान आपल्या बाजूने आणखी उशीर नको.

नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून आली, पण तुमचा हक्क आधीचा असल्याने माझ्या मते जुनाच कायदा लागेल. ठेकेदार तीनदा बदलला, म्हणून शेवटचा ठेकेदार आणि कारखाना दोघांनाही प्रतिवादी करा. पैसे कोणावर बसतील हे हजेरीपट पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. बर्फात हात घालून बोटांची सालं गेली, नखं काळी पडली, त्याच्या भरपाईबद्दलही डॉक्टरांचे कागद बघूनच बोलेन. ते कागद तरी जपून ठेवा.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. तालुका विधी सेवा समितीकडून महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.