पोरगी टीचर व्हायचं म्हणतेय, मग बिघडलं कुठे?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. लेक अकरावीत, मार्क चांगले, एपी कॅलक्युलस (शाळेतच कॉलेजच्या पातळीचं गणित) चालू, आणि परवा जेवताना म्हणाली मला हायस्कूलला मॅथ शिकवायचंय. बाबांनी मान खाली घालून नुसतं वरण-भात कालवत ठेवलं, आजी व्हिडिओ कॉलवर म्हणाली "अगं मग तिकडे गेलात कशाला", आणि आई मला विचारतेय की ताई, हिला समजवायचं कसं.

अगं, आधी तूच तुझं पत्र परत वाच. मधेच दोन ओळीत लिहून पुढे गेलीयस तू, की रविवारच्या मराठी शाळेत एका सात वर्षांच्या पोराला पावणेतीन काही केल्या कळेना, तीन ऐकू येतंय तर तीनच्या आत कसं, म्हणून तो रडकुंडीला आला होता. तेव्हा तुझ्या लेकीने कागदाच्या तीन पोळ्या कापल्या आणि तिसरीतली चतकोर त्यालाच तोडायला लावली. तो ओरडला, "पावणे म्हणजे कोणीतरी खाल्लं!" झालं, पोरगी तिथेच शिकवण्याच्या नादी लागली. हे शिकवून येत नाही गं, मी पंधरा वर्षं अशा वर्गांत मदत करतेय म्हणून सांगते.

आता जरा आजूबाजूला बघ. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत दहातले जवळजवळ आठ शिक्षक गोरे, आणि मुलांमध्ये गोरी मुलं आता निम्म्याहून कमी. आशियाई शिक्षक तर शंभरात दोन-तीन. म्हणून बऱ्याच ठिकाणी 'ग्रो युअर ओन' प्रोग्राम निघालेत, म्हणजे डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आपल्याच हायस्कूलची मुलं हेरतं, कॉलेजला मदत करतं आणि नंतर नोकरीला परत बोलावतं. हे काही मुळात आपल्यासाठी निघालेलं नाही हां. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राऊन निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र करताना काळ्या मुलांच्या शाळा बंद केल्या आणि हजारो काळ्या शिक्षकांना घरी बसवलं, ती पोकळी अजून भरतेय. त्या मुलांची अडचण बहुतेकदा पैशाची असते. आपल्याकडे अडचण डायनिंग टेबलावर समोरच बसलेली असते.

तर कामाचं. शाळेत 'एज्युकेटर्स रायझिंग'चा, म्हणजे शिक्षक व्हायचंय अशा मुलांचा क्लब आहे का ते तिला कौन्सेलरला विचारायला सांग, नसेल तर एखादा शिक्षक गाठून सुरू करता येतो. कॉलेजसाठी मॉन्टक्लेअर स्टेट, कीन, टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी), रटगर्स, सगळीकडे शिक्षक तयार होतात. न्यू जर्सीत 2025 पासून शिक्षक व्हायला लागणारी वाचन-लेखन-गणिताची बेसिक परीक्षा काढून टाकलीय, आपल्या विषयाची परीक्षा, म्हणजे प्रॅक्सिस, मात्र द्यावी लागते. केंद्र सरकारची टीच ग्रँट वर्षाला 4,000 डॉलरपर्यंत मिळते, पण नीट वाचून सही करा, कारण नाव ग्रँट असलं तरी शिक्षण संपल्यावर 8 वर्षांत 4 वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत, टंचाई असलेला विषय शिकवला नाही तर अख्खी रक्कम कर्ज होते, आणि व्याज पैसे मिळाले त्या दिवसापासूनचं.

आणि तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात ते लिहिलंच नाहीस! लेक एच-4 वर (म्हणजे आईबाबांच्या एच-1बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर ही ग्रँट विसरा, वर 21 पूर्ण झाली की तिला स्वतःचा व्हिसा बघावा लागेल. मग कुठली डिस्ट्रिक्ट स्पॉन्सर करतात ही चौकशी आत्तापासून. ग्रीन कार्ड असेल तर हा परिच्छेद सोडून दे.

नवऱ्याला पगाराची काळजी असेल (असणारच) तर तुमच्या डिस्ट्रिक्टचा शिक्षकांशी झालेला करार काढून त्याच्यासमोर ठेव, तो उघड असतो, कितव्या वर्षी किती आणि मास्टर्स केलं तर किती सगळं तक्त्यात आहे. आयटीएवढा नाही मिळत, उगाच गोड बोलत नाही. पण पेन्शन आहे, आणि दर तिमाहीला ले-ऑफची धडकी नाही, ती तुमच्या घरात गेल्या वर्षी कशी होती ते तूच लिहिलंयस.

राहिल्या आजी. पत्राच्या अगदी शेवटी कळलं की त्या स्वतः 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या! पुढच्या कॉलला तुम्ही दोघं बाहेर फिरायला जा आणि फोन लेकीच्या हातात द्या. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, वर्गाकडून कशी म्हणून घ्यायच्या तेवढं विचारू दे तिला.