जुन्या साहित्यातली ‘सुरा’ म्हणजे नेमकी कोणती दारू?

मुळात धान्य आंबवून केलेली. आज आपण सुरा, मद्य, आसव सगळं एकाच अर्थाने वापरतो, पण जुन्या ग्रंथकारांचं तसं नव्हतं. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं, म्हणजे दारूवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं, वेगळं प्रकरणच आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु हे प्रकार येतात आणि कृतीसुद्धा. मेदकाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व (द्रोण, आढक, प्रस्थ ही जुनी मापं). किण्व म्हणजे आंबवण्यासाठीचं विरजण.

साहित्यात सुरेला मान कमीच. ऋग्वेदात (7.86) वसिष्ठ वरुणाला सांगतो की, अपराध मी आपणहून केला नाही, सुरा, राग, फासे यांनी करवला. (ही सबब अजूनही चालते!) आसवाचं नशीब बरं. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या तारुण्याला ‘अनासवाख्यं करणं मदस्य’ म्हटलंय, म्हणजे आसव हे नाव नसलेलं, तरीही धुंदी आणणारं. मराठीत मात्र आसव द्राक्षासवाच्या बाटलीत जाऊन बसलं. आणि नुसतं ‘सुरा’ म्हटलं तर आधी चाकूच आठवतो, त्यामुळे दारूचा अर्थ ‘सुरापान’सारख्या समासातच तगून राहिला.