सगळं वावर मक्याला देऊ नको

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. जवळ पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचा कारखाना येतोय म्हणून सोयाबीन-तूर मोडून सगळीकडे मका लावायचा म्हणतोस. तुझी कोंडी कळते मला. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजार समितीत बोली त्याच्या खालीच. पोत्यांपाशी बसलेला तुझा बाप मी पाहिलाय. तरी सांगतो, एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर सगळं वावर देऊ नको.

सोयाबीन पडलं कशानं? बाहेरून आलेलं स्वस्त खाद्यतेल हे एक कारण. दुसरं इथेनॉलमध्येच आहे. क्विंटलभर मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं आणि मागे चोथा उरतो, डीडीजीएस. कोंबडीखाद्यात तो सोयाबीनच्या ढेपेपेक्षा स्वस्त पडतो. ढेपेला उठाव नाही, मग सोयाबीनला भाव कुठून? तुझा मका त्या कारखान्यात जाईल आणि शेजारी तुझ्याच चुलत्याचं सोयाबीन मातीमोल होईल. अमरावतीकडच्या पोल्ट्रीवाल्यांनाही विचार, २०२४ मध्ये मका त्यांना केवढ्याला पडला. देशाला तो बाहेरून आणावा लागला.

आणि गिऱ्हाईक तरी कसलं? इथेनॉलचा दर सरकार ठरवतं, माल तेल कंपन्या घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशाने उसाच्या रसाचं इथेनॉल थांबलं. साखर कारखान्यांनी कर्ज काढून यंत्रं बसवली होती. इथेनॉल तांदळापासूनही होतं. २०२५ मध्ये सरकारी अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉल कारखान्यांना २२५० रुपये क्विंटलने मिळाला. त्याच वर्षी मक्याचा हमीभाव २४०० आणि हंगामात बाजार त्याच्या बराच खाली. कारखाना तांदळाकडे वळला तर तुझा मका कोण घेईल, सांग ना!

मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल करायचा गाजावाजा झाला तेव्हा तू लहान होतास. सरकारच्या २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत डिझेलमध्ये असं २० टक्के जैवइंधन मिसळायचं लक्ष्य होतं. मी धुऱ्यावरसुद्धा एक झाड लावलं नाही. लोक हेकट म्हणाले, म्हणू दे. ज्यांनी लावलं त्यांचं बी घ्यायला कोणी फिरकलं नाही. एकच गिऱ्हाईक होतं, ते आलंच नाही. खंत आहे ती ज्वारीची. ती गेली, कडबा गेला, गोठे रिकामे झाले, आणि मी एकटा पेरत राहून गाव थांबलं नाही.

मका लाव की! ओलित आहे तिथे दोन एकर लाव. पण त्याला युरिया भरपूर लागतो आणि लष्करी अळीची फवारणीही, तो खर्च आधी मांड. तुरीचं तास मोडू नको. कारखान्याचा माणूस करार घेऊन आला तर त्यात दर लिहिलाय का बघ, आणि सही करण्याआधी कागद मला दाखव.

तुझा,
काका