डोकेदुखी, पारवे आणि हिरवं पुस्तक

एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांनी मनातले प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. टीबी, वजन, लग्न यांबद्दल पत्रं येतील असा माझा होरा होता. तशी आलीही, पण त्यांच्याबरोबर काही अशी आली की ज्यांतल्या आजारांची नावं भल्याभल्या डॉक्टरांनाही पुस्तक उघडून बघावी लागतील. या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. नावगाव छापलेलं नाही, आणि ओळख पटेल असा तपशीलही बदलला आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, स. न. वि. वि. आमच्या ह्यांचं डोकं दीड महिना दुखत होतं. आधी अर्धशिशी म्हणाले, मग सायनस, मग चष्म्याचा नंबर बदलला. शेवटी उलट्या आणि भ्रम सुरू झाला तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे एचआयव्ही निघाला, सीडी४ फक्त ३८. मेंदूत बुरशी झाली आहे, ती पारव्यांच्या विष्ठेतून येते म्हणतात. आमच्या गच्चीवर पारवे आहेत. त्यांचा बंदोबस्त करू का? पाठीतून सारखं पाणी काढतात, त्याने माणूस पांगळा होतो असं सासूबाई म्हणतात. आणि एचआयव्हीच्या गोळ्या अजून का चालू करत नाहीत? — एक भगिनी, जि. सातारा

ताई, पारव्यांना सोडा. या बुरशीचं नाव क्रिप्टोकॉकस. ती पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत असते, तशी मातीतही असते. तुमच्या-माझ्या श्वासातून ती केव्हाच आत गेलेली आहे, बहुतेक लहानपणीच. प्रतिकारशक्ती शाबूत असली की ती गप्प पडून राहते. सीडी४ म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी. निरोगी माणसाचा सीडी४ साधारण ५०० च्या वर असतो. तो शंभराच्या खाली गेला की ही बुरशी डोकं वर काढते, आणि तिला मेंदूची आवरणं फार आवडतात. यजमानांना ती परवा गच्चीवर लागली असं नाही. गच्ची मात्र कोरडी झाडू नका, पाणी मारून धुवा, आणि ते काम त्यांना सांगू नका. एवढं पुरे.

आता पाठीतलं पाणी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्याशेजारी बसून हे वाचून दाखवा. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई त्याच्या खाली दोन-तीन मणके सोडून घालतात. तिथे रज्जू नसतोच, त्यामुळे त्याला सुई लागून पांगळेपण यायचा प्रश्न येत नाही. ते पाणी निव्वळ तपासणीसाठी काढत नाहीत, ते काढणं हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. या बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती एक जाड, बुळबुळीत कवच असतं. काळ्या शाईचा थेंब टाकून ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की शाईच्या अंधारात पेशी दिसते आणि तिच्याभोवती पांढरं कडं, चंद्राला खळं पडावं तसं. दिसायला देखणं असतं, पण हेच कवच मेंदूभोवतीच्या या पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा बुजवतं. डोक्यातला दाब चढतो. डोकं ठणकतं ते त्याने, दृष्टी आणि ऐकू येणं जातं तेही त्याने, आणि माणूस दगावतो तोही बरेचदा त्यानेच. दाब २५ सेंटीमीटरच्या वर असला तर रोजसुद्धा पाणी काढावं लागतं. माझ्या वॉर्डात पाणी काढून अर्धा तास झाला की जेवायला मागणारे रुग्ण मी पाहिले आहेत. आदल्या रात्री तेच भिंतीला डोकं टेकून रडत असत.

गोळ्यांबद्दल तुमची घाई मला कळते. इतर बाबतीत आम्हीच सांगतो की निदान झालं की लगेच गोळ्या सुरू करा. इथे मात्र थांबायचं असतं. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना एक-दोन आठवड्यांत एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या त्यांच्यातले ४५ टक्के सहा महिन्यांत गेले. ज्यांना पाच आठवडे थांबवलं त्यांच्यातले ३० टक्के. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती जागी होते आणि मेंदूत बुरशीवर तुटून पडते. ती सूज त्या अवस्थेत झेपत नाही. म्हणून आधी अ‍ॅम्फोटेरिसिन, फ्लुसायटोसिन, फ्लुकोनाझोल यांनी बुरशी मारायची आणि चार ते सहा आठवड्यांनी गोळ्या सुरू करायच्या. तुमचे डॉक्टर बरोबर करताहेत.

ही वेळ टाळता येते, हे इतर वाचकांसाठी सांगते. सीडी४ कमी निघाला की क्रिप्टोकॉकसची पट्टीवरची रक्ततपासणी करतात. डोकं दुखायच्या कितीतरी आठवडे आधी ती पॉझिटिव्ह येते, आणि त्या टप्प्यावर बहुतेकांचं बुरशीवरच्या नुसत्या गोळ्यांवर भागतं. एचआयव्हीच्या गोळ्या जिथे मिळतात त्या एआरटी सेंटरवर विचारा, "माझी क्रिप्टोची तपासणी झाली का?" विचारायला लाजू नका.

एक राहिलंच. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. तुमची तपासणी झाली का? सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ती फुकट होते. ते दवाखान्यात आहेत तोवरच, त्याच आवारात, करून घ्या.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं इंफाळला गलाईच्या धंद्यात होता. आता विट्याला परत आला आहे. एचआयव्ही आहे, गोळ्या मध्ये सोडल्या होत्या. ताप, वजन निम्मं. टीबी समजून दोन महिने औषध दिलं, उतार नाही. आता तोंडावर आणि हातांवर पुटकुळ्या आल्या आहेत, प्रत्येकीच्या मधोमध खड्डा. त्वचेच्या डॉक्टरांनी साधी चामखीळ सांगितली. — खानापूर तालुका

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द "इंफाळ" आहे, आणि माझी पैज आहे की तो आजवर एकाही केसपेपरवर लिहिला गेलेला नाही.

खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर जातात. तिथला एखादा आजारही बरोबर येऊ शकतो. ईशान्य भारतात, थायलंडमध्ये, व्हिएतनाममध्ये टॅलारोमायसिस नावाचा बुरशीचा आजार आहे. ही बुरशी पहिल्यांदा सापडली ती १९५६ साली व्हिएतनाममध्ये, बांबूच्या बेटांत राहणाऱ्या घुशीत. आपल्याकडे मणिपूरच्या चार रुग्णांची नोंद १९९९ साली झाली. घूस खाल्ल्याने वा चावल्याने तो होतो असं नाही. मातीतून श्वासावाटे होतो असं मानतात. ताप, वजन घटणं, रक्त कमी होणं, गाठी, यकृत-प्लीहा वाढणं हे सगळं हुबेहूब टीबीसारखं. फरक करतात त्या मधोमध खळगा असलेल्या पुटकुळ्या. तशा पुटकुळ्या मोलस्कम नावाच्या निरुपद्रवी विषाणूनेही येतात, क्रिप्टोकॉकसनेही येतात. म्हणून नजरेने निदान करायचं नाही. सीडी४ शंभराखाली, अंगात ताप आणि तोंडावर अशी पुटकुळी असेल तर ती खरवडून काचेवर बघायची आणि तुकडा बुरशीच्या कल्चरला पाठवायचा. प्रयोगशाळेत साध्या खोलीच्या तापमानाला ही बुरशी वाढली की तिच्याखालचं जेल गडद लाल होतं. एकदा पाहिलं की विसरत नाही.

भावाला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या आणि इंफाळचा उल्लेख पहिल्या वाक्यात करा. टीबीचं औषध मनाने बंद करू नका, पण ते चालू आहे हे सांगा. टीबीतलं रिफाम्पिसिन आणि या बुरशीवरचं इट्राकोनाझोल यांचं पटत नाही. रिफाम्पिसिन असेल तर इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही. उपचार लांबलचक असतात, पण वेळेत सुरू झाले तर माणूस उठतो.

प्रश्न : वय २९. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. सीडी४ २२. डाव्या डोळ्यासमोर माश्या उडाल्यासारखं दिसतं. दुखत नाही. पुढच्या तारखेला सांगितलं तर चालेल का?

या मुलाला पत्र मिळालं त्याच दिवशी फोन केला. छापते आहे ते इतरांसाठी. चालणार नाही. सीडी४ पन्नासच्या आत असताना डोळ्यासमोर माश्या, जाळं किंवा कडेने पडदा आला तर सायटोमेगॅलो नावाचा विषाणू डोळ्याचा मागचा पडदा खात असू शकतो. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून तर घात होतो. गेलेला भाग परत येत नाही. औषध राहिलेला भाग आणि दुसरा डोळा वाचवतं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासायला हवा, तोही एक-दोन दिवसांत. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही. तुमचा सीडी४ सहाशे असेल आणि वय साठ, तर माश्या बहुधा वयाच्या. तरी दाखवा, पण रात्रीची झोप उडवू नका.

प्रश्न : मानेच्या गाठीचा टीबी होता, औषधाने गाठ बसत आली होती. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्यावर महिन्याभरात लिंबाएवढी झाली, तापही आला. गोळ्या बाधल्या म्हणून बंद केल्या. बरोबर केलं ना? — पुणे

नाही. उद्या सकाळी सेंटरवर जा. तुमची प्रतिकारशक्ती झोपेतून उठली आणि तिला टीबीचे जंतू दिसले, त्याची ही हाणामारी आहे. आम्ही तिला आयरिस म्हणतो. पहिल्या तीन महिन्यांत होते, बहुतेकदा आपोआप शमते. फार झालं तर काही आठवडे स्टिरॉइड देतात, गाठीतला पू सुईने काढतात. टीबी औषधाला दाद देत नाही असं तर नाही ना, हे मात्र आधी तपासून घ्यावं लागतं. ते घरी बसून ठरत नाही.

प्रश्न : वय ४८. बऱ्याच वर्षांपासून दुसऱ्या टप्प्याच्या गोळ्या चालू आहेत, व्हायरल लोड शून्य. खांदा आखडला म्हणून गावातल्या डॉक्टरांकडून खांद्यात दोनदा इंजेक्शन घेतलं. त्यांना आजाराचं सांगितलं नाही. मागे एका ठिकाणी सांगितलं होतं तर दात काढायला तीन तास बाहेर बसवून परत पाठवलं. आता तोंड गोल झालंय, अंगावर काळेनिळे डाग पडतात, खाली बसलं की उठवत नाही, साखर वाढली. एचआयव्ही बळावला का?

एचआयव्ही जिथे होता तिथेच आहे, कुलूपबंद. हा प्रताप इंजेक्शनाचा आहे. तुमच्या गोळ्यांत रिटोनाव्हिर आहे. त्याचं काम यकृतातल्या एका विकराला (एन्झाइमला) रोखून धरण्याचं, म्हणजे जोडीचं औषध रक्तात जास्त वेळ राहतं. पण सांध्यात देतात ते ट्रायमसिनोलोनही त्याच विकराकडून मोडलं जातं. ते मोडलंच गेलं नाही. एका इंजेक्शनाचा स्टिरॉइड महिना-दोन महिने अंगभर फिरत राहिला, त्यावर दुसरं. आता मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपला स्टिरॉइड बनवायचं विसरल्या असतील. म्हणून ताप, जुलाब, ऑपरेशन काहीही झालं तर तुम्हाला अचानक चक्कर येऊन रक्तदाब पडू शकतो. सकाळची कॉर्टिसोल तपासणी करून घ्या, सेंटरवर इंजेक्शनाचं नाव सांगा, आणि तिसरं इंजेक्शन घेऊ नका. तोंड ओसरेल, काही महिने लागतील.

रिटोनाव्हिर घेणाऱ्या सगळ्यांनी इथे थांबून वाचा. दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन आणि बुडेसोनाइडही हेच करतं. बेक्लोमेथासोन त्या मानाने बरं. अर्धशिशीची अर्गोटामिनची गोळी तर हात लावू नका, बोटं काळी पडून कापायची वेळ आलेली आहे. अटाझानाव्हिर ही एचआयव्हीची गोळी घेणाऱ्यांनी पित्ताच्या पॅन्टोप्राझोलवर ताव मारू नये. पोटात आम्ल नसेल तर अटाझानाव्हिर शोषलंच जात नाही. टीएलडीवाल्यांना (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी घेणाऱ्यांना) स्टिरॉइडची ही भानगड नाही, पण कॅल्शियम, लोह आणि अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. आधी गोळी, आणि निदान दोन तासांनी ही.

तुम्ही सांगितलं नाही याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. तीन तास बाहेर बसवणाऱ्याला लावीन. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या आजारामुळे उपचार नाकारणं बेकायदा आहे, तक्रारीसाठी राज्यस्तरावर लोकपालाची तरतूद आहे. कायदा असला तरी खुर्चीत बसलेल्या माणसाची मान वळायला वेळ लागतो, हेही मला ठाऊक आहे. तर एक मधला रस्ता. सेंटरवरून मिळालेलं उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक पर्समधून काढायचा धीर होत नसेल तर निदान इंजेक्शन घ्यायच्या आधी त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि सेंटरच्या फार्मासिस्टला दाखवा. एक दिवस खांदा दुखेल, एवढंच.

प्रश्न : मी अटाझानाव्हिर घेतो. डोळे पिवळे झालेत. शेजारचे कावीळ उतरवणाऱ्याकडे चला म्हणतात. भाचीच्या लग्नात सगळे विचारतील.

भूक लागते ना? लघवी गडद नाही, खाज नाही, उलटी नाही? मग ही बहुधा कावीळ नव्हे. या औषधाने बिलिरुबिन थोडं साचतं आणि डोळे पिवळे दिसतात. यकृताला इजा नसते. एकदा यकृताची तपासणी करून खात्री करून घ्या. डोळे फारच नकोसे वाटले तर सेंटरवर औषध बदलून मागता येतं, मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि कावीळ उतरवणाऱ्याचा पाला पोटात घेऊ नका, त्याने खरंच यकृत बिघडलं तर लग्न बुडेल. कुणी विचारलं तर "पित्त झालंय" म्हणा आणि पंगतीला बसा.