प्रार्थनेच्या ग्रुपबद्दल तक्रार कशी करायची?

“हे फोनवर पत्ते खेळत असते, तर मी चार शब्द सुनावले असते. पण हे तर प्रार्थना करतात. त्याला नावं कशी ठेवू?” मिरजेत परिचारिका म्हणून काम करणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत नवऱ्याविषयी हा प्रश्न विचारला. (पती-पत्नी दोघांची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे लिहीत आहे.) सत्संगाच्या आणि पारायणाच्या ग्रुपांविषयी अगदी हाच प्रश्न सांगलीतल्या इतर घरांतूनही माझ्याकडे येतो, त्यामुळे तो एका धर्माचा नाही. फोनवर जे चालले आहे ते चांगलेच आहे हे सर्वांना मान्य असते, आणि म्हणूनच घरातल्या माणसाला त्याविरुद्ध तोंड उघडता येत नाही.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या गावात परिचारिकेचा पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घरे आहेत. बाईंच्या सासूबाईही परिचारिका होत्या आणि त्यांना रात्रपाळीला निघण्याआधी सगळ्यांसोबत बसता यावे म्हणून घरातल्या प्रार्थनेची वेळ संध्याकाळी सातची ठरली होती. एक गीत, एक शास्त्रभाग आणि मग प्रत्येकाने आपापल्या शब्दांत मागणे, असा तो वीस मिनिटांचा परिपाठ सासूबाईंच्या मागेही बरीच वर्षे टिकला. आता सात वाजता गृहस्थ आतल्या खोलीत फोन घेऊन बसत. ते एकूण अकरा प्रार्थना-ग्रुपांत होते.

बाईंना सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तशी लहानशी होती. अकरावीतल्या मुलीने परीक्षेच्या आदल्या रात्री ‘खूप भीती वाटते आहे’ असे स्टेटस ठेवले होते. वडिलांनी ते पाहिले आणि लगेच जोडलेल्या हातांचे चिन्ह पाठवले, तेही पलीकडच्या खोलीतून, जिथून मुलीच्या खोलीचे दार दहा पावलांवर होते. मुलीने तो फोन आईसमोर धरला आणि ती काही न बोलता झोपायला गेली.

मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि कबूल करतो की माझ्या डोक्यात आधी आला तो ठोकळेबाज सल्ला होता: दिवसाचे तास ठरवा, रात्री फोन बंद ठेवा. गृहस्थ दुसऱ्या भेटीला आले नसते, तर मी तोच देऊन मोकळा झालो असतो. एप्रिल २०२१मध्ये त्यांचा थोरला भाऊ कोरोनाने गेला. चर्च बंद होते, दफनाच्या वेळी कुटुंबातले कोणीही जवळ जाऊ शकले नाही, आणि त्या रात्री ज्यांची तोंडेही त्यांनी कधी पाहिली नव्हती अशा माणसांनी ग्रुपवर पहाटेपर्यंत प्रार्थना लिहिल्या. “त्या रात्री मला त्यांनी धरून ठेवलं, सर. आता कुणाचं आजारपण आलं आणि मी ‘आमेन’ लिहिलं नाही, तर मी कोण झालो?” ७ ऑक्टोबर २०२१ला राज्यातली प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली आणि रविवारची भक्तीही सुरू झाली, पण त्यांच्यापुरती ती रात्र संपलीच नव्हती.

त्यात व्हॉट्सॲपच्या रचनेचाही हात होता. वाचल्याची निळी खूण एकेकट्याशी होणाऱ्या संभाषणात बंद ठेवता येते, ग्रुपमध्ये मात्र ती बंद होत नाही आणि आपला संदेश कोणी कोणी वाचला हे पाठवणाऱ्याला दिसते. ‘वाचलं, पण आमेन म्हटलं नाही’ ही टोचणी त्यामुळे निव्वळ मनाची राहत नाही. ज्याच्या मनात आधीच अपराधीपणा आहे, त्याला एवढा धाक पुरतो.

मी त्यांना ग्रुप सोडायला सांगितले नाही. आठवडाभरात आलेल्या विनंत्या वहीत लिहून, ज्यांना आपण प्रत्यक्ष ओळखतो त्यांच्या नावाखाली रेघ मारायला सांगितले. वही घेऊन ते आले तेव्हा तीन पाने भरली होती आणि रेघा पाच होत्या. पाचातली दोन माणसे त्यांच्याच गल्लीतली होती. वही मिटून ते म्हणाले की बायबलमधल्या योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी असेच काही आहे: लिहायचे पुष्कळ आहे, पण कागद आणि शाईने नको, तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलेन. हे वाचून दाखवायला त्यांनी फोनच उघडला, तेव्हा बाईंना हसू आवरले नाही, आणि दोघांना एकत्र हसताना मी प्रथमच पाहिले.

त्यानंतर ठरले ते असे. आठ ग्रुपांचा आवाज कायमचा बंद, तीन चालू; विनंती वाचल्यावर प्रार्थना तिथल्या तिथे मनात करायची, पण उत्तर लिहायलाच हवे असे नाही; रेघ मारलेल्यांपैकी एकाला आठवड्यातून एकदा भेटायचे; आणि सात ते साडेसात घरातले सगळे फोन फ्रिजवर. ‘सगळे’ या शब्दावर बाई थोड्या अडखळल्या, कारण ड्युटीवरून आल्यावर रील्स पाहण्याची त्यांचीही सवय निघाली. पहिल्या आठवड्यात मुलीने प्रार्थनेत काहीच मागितले नाही, नुसती बसून राहिली. मी म्हटले, बसू द्या.

तीन महिन्यांनी गृहस्थ एकटेच आले. अजूनही काही संध्याकाळी फ्रिजवरचा फोन थरथरला की त्यांची मान तिकडे वळते, असे त्यांनी आपणहून सांगितले. मधल्या काळात ते तासगावला भावाच्या घरी जाऊन आले होते. भाऊ गेल्यापासून वहिनींना ते रोज सकाळी न चुकता एक वचन पाठवत होते, पण त्यांच्या घरी दोन तास असे बसले मात्र नव्हते. चहाचा कप हातात देताना वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, राग मानू नका, तुमचे मेसेज मी उघडत नाही. ते आले की हे गेल्याचंच आठवतं. आज आलात ते बरं केलंत. बसा, भाकरी टाकते.”